गोड तिखटाचा इतिहास

हंगेरीत घरोघरी बटाट्याचा एक रस्सा करतात. त्याचे नाव पाप्रिकाश क्रुम्प्ली. कृती आपल्याला परकी वाटावी अशी नाही. चरबीत किंवा तेलात भरपूर कांदा परतायचा, त्यावर पाप्रिकाची पूड घालायची, बटाट्याच्या मोठ्या फोडी टाकून पाणी ओतायचे आणि मंद आचेवर शिजू द्यायचे. चार माणसांच्या रश्श्याला पूड लागते दोन मोठे चमचे.

आम्ही ही कृती पहिल्यांदा करून पाहिली तेव्हा शब्दकोश उघडला. पाप्रिका म्हणजे लाल मिरचीची पूड, असे त्यात होते. मग काय, घरातले रोजचे तिखट दोन मोठे चमचे घातले. तो रस्सा कोणालाही खाता आला नाही. दुसऱ्या खेपेला शहाणपण केले आणि तिखट पाव चमचाच घातले. रस्सा खाता आला, पण दिसायला पिवळट आणि अंगाने पाणचट झाला. तिसऱ्या खेपेला परदेशातून आलेला पाप्रिकाचा डबाच हाती लागला. आता चुकायचे काही कारण नव्हते. तरी रस्सा उकळू लागला तसा घरभर चुलीच्या धुराचा वास सुटला. डबा नीट पाहिला तेव्हा कळले की तो हंगेरीचा नव्हता, स्पेनचा होता.

तीनही वेळा आम्ही वापरली ती पूड एकाच वनस्पतीच्या फळांची होती. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव कॅप्सिकम ॲन्युअम. आपली हिरवी मिरची, ढोबळी मिरची, बेडगी, हंगेरीची पाप्रिका आणि स्पेनचे पिमेंतोन ही सारी याच एका जातीची रूपे. मग एकीच्या जागी दुसरी का चालत नाही? या प्रश्नाचे उत्तर पाकशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. ते इतिहासात आहे, आणि थोडे आनुवंशिकीत.

नावाचा प्रवास

मिरची मूळची मेक्सिको आणि आसपासच्या प्रदेशातली. तेथे ती काही हजार वर्षे लागवडीत होती. कोलंबस १४९२ साली निघाला तो मिऱ्यांच्या देशाच्या शोधात. त्याला मिरे मिळाले नाहीत, पण जिभेला तसाच चटका देणारे एक फळ मिळाले. त्याच्या दुसऱ्या सफरीबरोबर गेलेला वैद्य दिएगो आल्वारेझ चांका याने १४९४ साली लिहिलेल्या पत्रात तेथील लोक अन्नाला ‘आही’ नावाचा मसाला लावतात अशी नोंद केली आहे. ती ही मिरची.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत मिरची इतक्या वेगाने जगभर पसरली की ती आली कोठून हेच युरोपातले लोक विसरले. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनहार्ट फुक्स याने १५४२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मिरचीची सुरेख चित्रे दिली आणि तिला नाव दिले ‘कालिकतची मिरी’! पोर्तुगिजांनी मिरची भारताच्या किनाऱ्यावर आणली होती. ती इथे रुजली, आणि युरोपातल्या विद्वानाला ती इथलीच वाटली. आपल्याकडे मुंबई भागात तिला ‘गोवाई मिरची’ म्हणत. ज्या गावाहून वस्तू येते त्या गावाचे नाव तिला चिकटते, मग ती मुळात तिथली असो वा नसो.

हंगेरीत मिरची पोचली ती तुर्कांमार्फत. बुदा शहर १५४१ ते १६८६ या काळात तुर्कांच्या ताब्यात होते. म्हणून हंगेरियन लोक मिरचीला प्रथम ‘तुर्की मिरी’ म्हणत. पुढे ‘पाप्रिका’ हे नाव रूढ झाले. ते दक्षिणेकडच्या स्लाव्ह भाषांतून आले. सर्बियन आणि क्रोएशियन भाषांत मिऱ्याला ‘पापर’ म्हणतात, त्याचे लाडके रूप पाप्रिका. पापर आला लॅटिन ‘पिपेर’वरून, पिपेर ग्रीक ‘पेपेरी’वरून आणि पेपेरी आपल्या ‘पिप्पली’वरून. म्हणजे आजीबाईच्या बटव्यातली जी पिंपळी, तिचे नाव समुद्रमार्गे ग्रीस-रोमला गेले, तेथे मिऱ्याला लागले, आणि दीड-दोन हजार वर्षांनी डॅन्यूब नदीकाठी अमेरिकेतून आलेल्या एका फळाला जाऊन चिकटले. भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे.

जाता जाता एक इशारा. हंगेरियन भाषेत पाप्रिका म्हणजे ताजे फळही आणि पूडही. जर्मन भाषेत नुसते पाप्रिका म्हटले तर भाजीची ढोबळी मिरची समोर येते. इंग्रजीत मात्र पाप्रिका म्हणजे फक्त पूड. त्यामुळे पाककृती कोणत्या भाषेतून उतरवली आहे हे पाहिल्याशिवाय सामान आणायला जाऊ नये.

तिखटपणा कसा गेला

अठराव्या शतकात हंगेरीतली पाप्रिका गरिबाचा मसाला होती. मिरे महाग होते, मिरची परसात येत होती. गुराखी आणि शेतकरी तीच वापरत. उमरावांच्या ताटात ती उशिरा पोचली. त्या काळची पाप्रिका गोड नव्हती, चांगली जळजळीत होती. आपल्या आणि त्यांच्या तिखटात तेव्हा फारसा फरक नसावा. फरक पडला तो पुढे, आणि तो माणसांनी मुद्दाम पाडला.

मिरची उभी चिरून पाहिली तर आत देठाच्या बाजूने निघालेल्या पांढुरक्या शिरा दिसतात. बिया या शिरांना लगडलेल्या असतात. या भागाला वनस्पतिशास्त्रात बीजांडासन म्हणतात. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे येतो ते कॅप्सेसिन इथे, या शिरांच्या पेशींत तयार होते. बिया तिखट असतात हा आपल्याकडचा सार्वत्रिक समज अर्धाच खरा आहे. बियांत कॅप्सेसिन जवळजवळ तयार होत नाही, शिरांतले त्यांना बाहेरून माखते. आणि लाल रंग? तो शिरांत नसतो, सालीत असतो. निसर्गाने रंग आणि तिखटपणा एकाच फळात, पण दोन वेगळ्या खोल्यांत ठेवले आहेत.

हे रसायनशास्त्र ठाऊक नसतानाही सेगेद आणि कालोचा या गावांच्या परिसरातल्या बायकांनी अनुभवाने ओळखले होते. सेगेद दक्षिण हंगेरीत तिसा नदीवर, कालोचा डॅन्यूबच्या काठाजवळ. शरद ऋतूत पिकलेल्या मिरच्या दोऱ्यात ओवून त्यांच्या माळा घरांच्या वळचणीला टांगत. या टांगण्याचा उपयोग केवळ वाळवण्यासाठी नव्हता. तोडल्यानंतरही काही आठवडे फळात लाल रंगद्रव्य वाढत राहते, म्हणून माळेतली मिरची झाडावरच्या मिरचीपेक्षा अधिक लाल होते. मग मिरच्या फोडून हाताने शिरा काढायच्या, बिया धुवायच्या, साल कुटायची. जितक्या शिरा अधिक निघतील तितकी पूड सौम्य. हे काम किती जाचक असेल याची कल्पना ज्यांनी दहा मिरच्या हाताने साफ केल्या असतील त्यांना येईल.

१८५९ साली सेगेद येथील पाल्फी बंधूंनी शिरा आणि बिया वेगळ्या करण्याची यांत्रिक पद्धत बसवली. या वर्षापासून पाप्रिकाच्या इतिहासाला वळण लागले असे म्हणायला हरकत नाही. आता गिरणीवाल्याला तिखटपणा हवा तितका ठेवता येऊ लागला. शिरा सगळ्या काढल्या तर एक प्रत, थोड्या परत मिसळल्या तर दुसरी, सगळ्या दळल्या तर तिसरी. हंगेरियन डब्यांवर आजही दिसणारी नावे या प्रतवारीतून आली आहेत. ‘एदेशनेमेश’ म्हणजे उमदी गोड, ‘चेमेगे’ म्हणजे नाजूक, खास खाण्याची, ‘फेलेदेश’ म्हणजे अर्धगोड, ‘रोझा’ म्हणजे गुलाब, आणि ‘एरोश’ म्हणजे जहाल. यांतली शेवटची तेवढी आपल्या ‘तिखट’ या शब्दाला पात्र आहे.

आपल्या शब्दाकडे जरा थांबून पाहू. मराठीत मिरचीच्या पुडीला आपण तिखट म्हणतो. तिच्या चवीलाच आपण तिचे नाव केले. त्यामुळे ‘गोड तिखट’ म्हटले की विनोद केल्यासारखे वाटते. हंगेरीत हा विनोद नसून उत्तम प्रतीचे नाव आहे. शब्दकोशाने आम्हाला फसवले ते इथेच. पाप्रिका आणि तिखट ही दोन्ही मिरचीची पूड खरी, पण एकीतून दुसरीचे नावच वजा केलेले आहे.

धुतलेल्या बियांची हकीकत अजून राहिली. त्या फेकून देत नसत. वाळवून सालीबरोबर पुन्हा दळत. बियांत तेल असते, दळताना ते सुटते आणि सालीतला रंग त्यात उतरतो. त्यामुळे पुडीला एक तकाकी येते. बिया न घालता दळलेली पूड तितकी उजळ दिसत नाही.

यंत्राने शिरा काढण्यापेक्षा शिरांत तिखटपणाच नसलेली मिरची लावली तर? विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत कालोचा आणि सेगेद येथे या दिशेने निवड आणि संकराचे काम झाले आणि जन्मतः गोड असलेल्या पाप्रिकाची वाणे शेतात आली. या वाणांमागचे गणित मेंडेलच्या वाटाण्यांइतके सोपे आहे. तिखटपणा असणे प्रभावी, नसणे अप्रभावी. आपल्या देशात आर. बी. देशपांडे यांनी भारतीय मिरच्यांवर केलेल्या अभ्यासात १९३५ सालीच हे दाखवले होते. पुढे २००५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी या जनुकाचा छडा लावला. गोड मिरच्यांत या जनुकाचा मोठा तुकडाच गळून गेलेला असतो, त्यामुळे कॅप्सेसिन बनवण्याची साखळी पूर्ण होत नाही.

दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना घालण्याजोगे एक कोडे यात आहे. गोड मिरचीच्या शेजारी तिखट मिरची लावली आणि मधमाश्यांनी परागकण इकडचे तिकडे केले, तर गोड झाडाला लागणारी मिरची तिखट होईल का? बहुतेक जण ‘होईल’ म्हणतात, आणि अनेक शेतकरीही तसेच मानतात. उत्तर आहे, नाही. शिरा आणि साल हे सगळे आईच्या पेशींचे, म्हणजे त्या झाडाचेच भाग आहेत. परागकणाचा वारसा फक्त बियांतल्या गर्भात गेला आहे. त्या वर्षीची मिरची गोडच राहील. पण त्या बिया राखून पुढच्या वर्षी पेरल्या तर त्यांच्या झाडांना तिखट मिरच्या लागतील. शेतकऱ्याचा अनुभव असा एका वर्षाने खरा ठरतो. म्हणून बियाण्यासाठी गोड पाप्रिका लावणारे लोक तिखट वाण दूर ठेवतात.

तिखटपणा मोजण्याचीही सोय याच सुमारास झाली. अमेरिकन औषधनिर्माता विल्बर स्कोव्हिल याने १९१२ साली मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत न्यायचा आणि चाखणाऱ्यांना चटका लागेनासा झाला की किती पट पातळ केला ते मोजायचे, अशी रीत काढली. या मोजपट्टीवर गोड पाप्रिका जेमतेम काही शेकड्यांपर्यंत जाते, तर आपल्या झणझणीत मिरच्या काही दहा हजारांत जातात. आमच्या पहिल्या रश्श्याचे काय झाले ते या आकड्यांवरून कळावे.

रंग आणि तेल

दुसऱ्या रश्श्यात तिखटपणा बेताचा होता, पण पूड पाव चमचाच असल्याने रंग आणि दाटपणा आला नाही. हंगेरियन रश्श्यात पाप्रिका हा चिमूटभर घालायचा मसाला नाही. ती रश्श्याचे अंग आहे, आपल्याकडे वाटण असते तसे. म्हणूनच ती सौम्य असावी लागते.

पाप्रिकाच्या लाल रंगाचे मुख्य द्रव्य कॅप्सँथिन. गाजरातल्या कॅरोटीनच्या कुळातले हे द्रव्य वेगळे काढण्याचे आणि अभ्यासण्याचे काम हंगेरीतल्याच पेच विद्यापीठात लास्लो झेखमाइस्टर आणि लास्लो चोल्नोकी यांनी १९२७ पासून केले. त्यासाठी त्यांनी वापरलेली पद्धत म्हणजे वर्णलेखन. पूड भरलेल्या नळीतून अर्क खाली जाऊ द्यायचा, की त्यातली रंगद्रव्ये वेगवेगळ्या उंचीवर पट्ट्यांच्या रूपाने थांबतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत याने ही पद्धत शोधली तेव्हा तिची फारशी दखल घेतली गेली नव्हती. ती पुन्हा प्रचारात आणणाऱ्यांत हे दोघे होते. १९३७ साली त्यांनी या पद्धतीवर लिहिलेले पुस्तक बरीच वर्षे रसायनशास्त्रज्ञांच्या हाताशी असे.

कॅप्सँथिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. हे वर्गात दाखवायला पाच मिनिटे लागतात. परीक्षानळीत निम्मे पाणी आणि वर थोडे गोडेतेल घ्या, चिमूटभर बेडगीची पूड टाका, हलवा आणि उभी ठेवा. तेलाचा थर नारिंगी-लाल होतो, खालचे पाणी जवळजवळ तसेच राहते. मिसळीवर तरंगणारी तर्री दुसरे काय आहे? कॅप्सेसिनही तेलातच विरघळते, म्हणून तर्रीत रंग आणि जाळ दोन्ही एकत्र भेटतात.

यामुळेच हंगेरियन स्वयंपाकात पाप्रिका नेहमी कोमट झालेल्या चरबीत घालतात, पाण्यात नाही. पण त्यात एक मेख आहे. गोड पाप्रिकात साखर बरीच असते. कडक तापलेल्या तेलात ती क्षणात जळते आणि सगळा पदार्थ कडू होतो. तेथल्या गृहिणी पाप्रिका घालण्याआधी भांडे विस्तवावरून खाली घेतात, पूड ढवळतात आणि लगेच पाणी ओततात. आपल्याकडे फोडणीत तिखट घालताना आच बारीक करतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे. प्रकाश आणि हवा यांनीही हा रंग उडतो. वर्षाचे तिखट काचेच्या बरणीत उन्हाच्या खिडकीत ठेवले तर दिवाळीपर्यंत विटकरी होते.

धुराची पाप्रिका

आता तिसरा रस्सा. स्पेनच्या पश्चिमेला एस्त्रेमादुरा प्रांतात, ग्रेदोस पर्वताच्या दक्षिणेला ला वेरा नावाचे खोरे आहे. मिरची स्पेनमध्ये प्रथम इथल्या मठांत लावली गेली, अशी परंपरा सांगते. यातल्या युस्ते मठात सम्राट पाचवा चार्ल्स निवृत्त होऊन राहिला आणि १५५८ साली वारला. त्याच्या ताटात मिरची होती की नाही यावर आम्ही वाद घालणार नाही.

ला वेरात मिरची पिकते तेव्हा पाऊस सुरू होतो. हंगेरीसारख्या माळा टांगून भागत नाही, मिरची बुरशी धरते. म्हणून तेथील शेतकरी दुमजली कोठारे बांधतात. खाली ओकच्या लाकडाचा धुमसता विस्तव, वर फटी ठेवलेल्या फळ्यांवर मिरच्यांचा थर. दहा ते पंधरा दिवस हा धूर चालतो आणि मिरच्या रोज हाताने वरखाली कराव्या लागतात. धुरातली द्रव्ये सालीत मुरतात. या पुडीला पिमेंतोन म्हणतात. ती गोड, आंबटगोड म्हणावी अशी मधली आणि तिखट, अशा तीन प्रकारांत येते. म्हणजे डब्यावर ‘गोड’ लिहिलेले असले तरी धूर असतोच. आम्ही तिसऱ्या खेपेला फसलो ते इथे. तोच स्पेन पूर्वेकडे, मुर्सिया प्रांतात, कोरड्या हवेमुळे मिरच्या उन्हात वाळवतो, आणि मुर्सियाच्या पुडीला धुराचा वास नसतो. एका देशाच्या दोन टोकांना दोन पाप्रिका, आणि त्यांच्यातला फरक शरद ऋतूतल्या पावसाने ठरवलेला.

स्पेनच्या चोरिझो या सॉसेजला लाल रंग आणि धुराचा वास मिळतो तो पिमेंतोनमुळे. त्याचे गोव्यातले भावंड म्हणजे चोरीस. तिथे मात्र गोवेकरांनी आपली मिरची आणि व्हिनेगर वापरले. घटक बदलला तशी वस्तू बदलली, आणि आज कोणी गोव्याच्या चोरिसाला स्पॅनिश पदार्थाची चुकलेली नक्कल म्हणत नाही.

नावडती भाजी आणि नोबेल

पाप्रिकाचा विषय निघाला आणि सेंट-ग्योर्गींची हकीकत सांगितली नाही तर विज्ञानशिक्षक रागावतील. अल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांनी केंब्रिजमध्ये काम करताना प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथींतून एक शर्करेसारखा पदार्थ वेगळा काढला होता. तो काय आहे हे न कळल्याने त्यांनी त्याचे नाव ‘मला ठाऊक नाही’ अशा अर्थाने ‘इग्नोज’ सुचवले. संपादकांना थट्टा आवडली नाही. मग त्यांनी ‘देव जाणे’ अशा अर्थाचे ‘गॉडनोज’ सुचवले. तेही नाकारले गेले आणि शेवटी हेक्झुरॉनिक आम्ल हे नाव पडले. हे आम्ल म्हणजेच क जीवनसत्त्व असावे असे पुरावे मिळू लागले, पण पदार्थ फार थोडा मिळत होता. त्याची रचना ठरवायला तो पुरेसा नव्हता.

१९३१ पासून सेंट-ग्योर्गी सेगेदमध्ये होते, म्हणजे पाप्रिकाच्या राजधानीतच. एका संध्याकाळी पत्नीने ताटात ताजी पाप्रिका वाढली. त्यांना ती खायची नव्हती आणि तसे सांगण्याचे धैर्यही नव्हते. या फळाची परीक्षा आपण कधी केलीच नाही हे त्यांना तेव्हा सुचले. ते फळ घेऊन ते प्रयोगशाळेत गेले आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्यांना कळले की क जीवनसत्त्वाचा खजिना हाती आला आहे. ग्रॅमामागे सुमारे दोन मिलिग्रॅम. लवकरच हे द्रव्य किलोच्या मापाने तयार झाले, जगभरच्या प्रयोगशाळांना वाटले गेले आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी या द्रव्याची रचना उलगडणारे हॉवर्थ यांना रसायनशास्त्राच्या पारितोषिकात वाटा मिळाला. लक्षात ठेवायचे ते एवढे की हा खजिना ताज्या फळातला. वाळवणे, दळणे आणि शिजवणे यांत क जीवनसत्त्वाचा बराचसा भाग नष्ट होतो. पाप्रिकाच्या रश्श्याने स्कर्व्ही बरा होईल या भरवशावर राहू नये.

रंगाची चोरी

तिखटपणा काढून टाकल्यावर पुडीची किंमत कशावर ठरणार? रंगावर. आणि किंमत रंगावर ठरली की लबाडीही रंगातच होणार. तिखटात भेसळ केली तर जीभ निदान थोडे तरी ओळखते. गोड पाप्रिकात जिभेचा हा पहारा उठलेला असतो.

१९९४ साली हंगेरीत पाप्रिकाच्या पुडीत शिशाचा लाल ऑक्साइड मिसळलेला सापडला. अनेक माणसांना विषबाधा झाली आणि पाप्रिकाची विक्री काही काळ थांबवावी लागली. हा ऑक्साइड म्हणजे आपला शेंदूर. मारुतीच्या मूर्तीवर शोभणारा हा रंग पोटात गेला तर मेंदू, मूत्रपिंडे आणि रक्त यांना घातक. तो पुडीत का मिसळला असेल? रंग तर आलाच, शिवाय शेंदूर पाण्याच्या आठ पटींहून जड. मूठभर घातला की तराजू खाली जातो.

२००४ साली पुन्हा विक्री थांबली, ती अफ्लाटॉक्सिन सापडल्यामुळे. हे विष एक बुरशी तयार करते आणि ती उष्ण हवेच्या प्रदेशात फोफावते. हंगेरीच्या थंड शरदात तिचा जोर असत नाही. म्हणजे ‘हंगेरियन’ म्हणून विकलेल्या पुडीत दुसऱ्या, उष्ण देशांतली पूड मिसळली होती हे त्या विषानेच सांगितले.

हात झटकून दुसऱ्या देशाकडे बोट दाखवावे अशी आपली स्थिती नाही. २००३ साली युरोपात भारतातून गेलेल्या मिरचीच्या पुडीत सुदान-१ हा औद्योगिक रंग सापडला. अशा पुडीने रंगलेले सॉस आणि तयार पदार्थ २००५ साली ब्रिटनमधल्या दुकानांतून शेकड्यांनी परत घ्यावे लागले. पेल्यातल्या पाण्यावर तिखट भुरभुरले आणि रंगाचे ओघळ खाली उतरू लागले तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग आहे, ही परीक्षा आपण वर्गात करतो. ती चांगलीच आहे. पण सुदान रंग तेलात विरघळतो, अगदी कॅप्सँथिनसारखा. पाण्याच्या पेल्याला तो सापडत नाही. त्यासाठी झेखमाइस्टर आणि चोल्नोकींच्या वर्णलेखनाचेच पुढचे अवतार लागतात. विद्यार्थ्यांना परीक्षा शिकवताना ती काय पकडू शकत नाही हेही सांगितले पाहिजे.

चौथा रस्सा

मग पाप्रिकाच्या जागी आपल्याकडचे काय चालेल? हंगेरियन गोड पाप्रिकाच्या सर्वांत जवळ येते ती बेडगी. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या गावाचे हे नाव. २०११ साली या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले. सुरकुतलेली, गडद लाल, बिया कमी, तिखटपणा बेताचा. रंगाचा अर्क काढणारे कारखानेही ती याच गुणांसाठी घेतात. मालवणी आणि गोव्याच्या स्वयंपाकात ती शतकानुशतके जे काम करते तेच पाप्रिका हंगेरीत करते. काश्मिरी मिरची म्हणून बाजारात मिळते तीही चालते, पण त्या नावाने बरेच काही विकले जाते. लवंगी आणि गुंटूर यांना या कामाला लावू नये. ‘केयेन’ लिहिलेला परदेशी डबा म्हणजे पाप्रिका नव्हे, ते जहाल तिखट आहे. स्पॅनिश पदार्थ करायचा असेल तर बेडगीच्या पुडीने रंग येईल पण धूर येणार नाही. आपल्याकडे निखाऱ्यावर तूप सोडून भांड्यात कोंडायची जी धुंगाराची रीत आहे तिने थोडे साधते. मात्र लाकडाचा दोन आठवड्यांचा धूर आणि तुपाची पाच मिनिटांची धुरी यांचा वास एक नाही.

बेडगी सौम्य असली तरी दोन मोठे चमचे म्हटल्यावर थोडी चटकतेच. म्हणून चौथ्या खेपेला आम्ही पाल्फी बंधूंचे काम घरी केले. बाराएक मिरच्या कात्रीने उभ्या कापल्या, शिरा खरवडून काढल्या, बिया धुऊन वाळवल्या आणि त्यातल्या निम्म्या सालीबरोबर दळल्या. कांदा परतल्यावर भांडे खाली घेऊन पूड घातली आणि लगेच पाणी ओतले. रस्सा गडद लाल आणि दाट झाला, आणि घरातल्या लहान मुलांनीही वाटी पुन्हा पुढे केली. आमची बोटे तेवढी रात्रभर चुरचुरत होती. नुसत्या पाण्याने ती धुऊन उपयोग होत नाही, आधी तेल चोळून मग साबण लावावा लागतो.